मस्टँगच्या इंजिन-कक्षातील ब्रेस

फोर्ड मस्टँग या अमेरिकन मोटारीच्या पहिल्या पिढीत बोनेटखाली बसवले जाणारे पोलादी आधार. त्यांचे दोन प्रकार आहेत. दोन्ही शॉक टॉवर (पुढच्या चाकांच्या स्प्रिंग ज्यांत टेकतात ते पत्र्याचे उभे भाग) मागच्या फायरवॉलशी, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीशी, जोडणाऱ्या एकसंध आधाराला ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ म्हणतात, तर दोन टॉवरमधले अंतर कायम राखणाऱ्या आडव्या दांडीला ‘मोंटे कार्लो बार’ म्हणतात. जुन्या गाड्यांची डागडुजी करताना हे दोन्ही भाग नव्याने बसवण्याचा प्रघात आहे. आज बाजारात मिळतात त्या बहुतेक त्यांच्या नव्याने घडवलेल्या प्रती असतात.

गरज : १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांसमोर आलेली मस्टँग फोर्डच्याच फाल्कन या किफायतशीर गाडीच्या पायावर उभी आहे. तिला वेगळी चेसिस नाही; पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढच्या चाकांच्या कॉइल स्प्रिंग सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर बसतात आणि त्यांचे वरचे टोक शॉक टॉवरमध्ये टेकते. त्यामुळे खड्ड्यातला प्रत्येक धक्का थेट टॉवरवर येतो. वरचा आर्मही टॉवरलाच बोल्टने जखडलेला असल्याने वळणावरचा आडवा जोरही तिथेच पोहोचतो. खालच्या बाजूला क्रॉसमेंबर असतो, पण वरची बाजू मोकळी असते. झाकण काढलेला खोका हाताने पिळता येतो, तशीच या कक्षाची अवस्था होते. वर्षानुवर्षांच्या वापराने टॉवर आत कलतात. त्यांच्याबरोबर आर्मही आत सरकतात, चाकाचा वरचा भाग आत झुकतो, टायर आतल्या कडेने झिजतात आणि अलाइनमेंट टिकत नाही.

इतिहास : कारखान्यातून निघणाऱ्या सामान्य मस्टँगला टॉवर आणि फायरवॉल यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस एक, असे पातळ पत्र्याचे दोन सुटे आधार असत. परदेशी पाठवायच्या गाड्यांसाठी फोर्डने त्यांच्या जागी जाड पत्र्याचा एकसंध आधार दिला. ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ हे नाव त्यावरूनच पडले. मोंटे कार्लो बारच्या नावामागे त्याच नावाची रॅली आहे. फोर्डने १९६३ आणि १९६४ मध्ये फाल्कन गाड्या तिथे उतरवल्या होत्या; १९६४ मध्ये बो युंगफेल्ट यांची फाल्कन एकूण क्रमवारीत दुसरी आली. १९६५ मध्ये कॅरल शेल्बी यांच्या लॉस एंजेलिसमधील कार्यशाळेने मस्टँगवरून जीटी ३५० ही शर्यतीसाठीची गाडी घडवली. तिच्यात एक्स्पोर्ट ब्रेस आणि मोंटे कार्लो बार हे दोन्ही होते. शिवाय वरच्या आर्मचे बोल्ट एक इंच खाली घेतले होते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या बी-प्रॉडक्शन गटाचे राष्ट्रीय विजेतेपद १९६५ ते १९६७ अशी सलग तीन वर्षे जीटी ३५० कडेच राहिले.

पूर्वतपासणी : ब्रेस ज्या पत्र्याला जखडायचा, तो पत्रा धड आहे की नाही हे आधी पाहावे लागते. आर्मच्या बोल्टांभोवती टॉवरला बारीक तडे जातात. ग्रीस आणि रंगाखाली ते दडून राहतात, म्हणून तो भाग घासून स्वच्छ करावा. विंडस्क्रीनखालच्या काउलमध्ये पाणी साचून गंज चढणे हे या गाड्यांचे जुने दुखणे आहे, आणि एक्स्पोर्ट ब्रेसचे मागचे टोक तिथेच जखडले जाते. कुजलेल्या पत्र्याला जाड ब्रेस लावला, तर जोर आला की पत्रा फाटतो. तडे आणि गंज यांचे वेल्डिंग आधी व्हायला हवे.

बसवणे : सुटे आधार काढल्यावर नवा ब्रेस नुसता ठेवून पाहतात. टॉवर आत कलले असतील, तर भोके जुळत नाहीत. अशा वेळी भोके कानशीने लांबवणे चुकीचे, कारण त्यामुळे वाकडेपणाच पक्का होतो. गाडी स्टँडवर घेऊन पुढच्या चाकांवरचे वजन उतरवतात. दोन्ही टॉवरच्या मध्ये लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने जॅक आडवा धरतात आणि भोके समोरासमोर येईपर्यंत सावकाश रेटतात. सगळे बोल्ट आधी हाताने लावून मगच पान्याने आळीपाळीने आवळतात. गाडीचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत, हे लक्षात ठेवावे. मोंटे कार्लो बार शेवटी बसतो. भोके नसतील तर ती पाडून उघड्या कडांना गंजरोधक रंग लावतात. सरळ दांडी अधिक ताठ, तर वाकवलेली दांडी एअर क्लीनरला जागा देते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्याने ॲक्सिलरेटर दाबताच एका बाजूला झुकते. तेव्हाही काही घासत नाही आणि बोनेट नीट बंद होते, याची खात्री करावी लागते. १९६७ च्या मस्टँगमध्ये मोठ्या इंजिनासाठी कक्ष रुंद केला गेला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांचे ब्रेस तिला चालत नाहीत.

परिणाम आणि मर्यादा : टॉवर जागचे हलेनासे झाले की अलाइनमेंट टिकते आणि स्टिअरिंगला गाडी अधिक नेमका प्रतिसाद देते. मात्र झिजलेली बुश, ढिले बॉल जॉइंट किंवा बसलेल्या स्प्रिंग यांवर ब्रेस हा इलाज नाही. टॉवरची जागा बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बदलतात, म्हणून काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावेच लागते. ब्रेस फक्त आहे तो आकार धरून ठेवतो. तो आकार बरोबर असण्याची जबाबदारी कारागिराची असते. म्हणून आधी पत्र्याची दुरुस्ती, मग टॉवर जागेवर आणणे, त्यानंतर ब्रेस आणि शेवटी अलाइनमेंट, हा क्रम बदलू नये.