हातकामाच्या तासाची कुळकथा

हार्बर मार्गावर गोवंडीच्या पुढचे स्थानक मानखुर्द. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात, चालू शतकाच्या पहिल्या दशकात, चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अभिकल्प व तंत्रज्ञान’ हा विषय भारतीय शाळेत कसा रुजवता येईल यावर पद्धतशीर काम केले. एखादी गरज ओळखणे, तिच्यावरचा उपाय कागदावर रेखाटणे, त्याबरहुकूम वस्तू घडवणे आणि ती वापरून पारखणे, अशी ही सलग प्रक्रिया असून इंग्लंडने 1990 पासून ती पाचव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणली. हा विषय आपल्याकडे तेथूनच आयात झाला, असे समजणे अपुरे ठरेल. कारण शाळेतील हातकामाला मराठी मुलखात स्वतःचे कूळ आहे, आणि काय करावयाचे हे नमुन्याने ठरवावे की मुलाने, हा त्यातील जुना वाद मिटल्याखेरीज नव्या विषयाला अर्थ येत नाही.

त्याआधी युरोपात शालेय हातकामाचा एक प्रमुख टप्पा स्वीडनमधील नेस येथे दिसतो. तेथे ओटो सालोमन यांनी 1870 च्या दशकापासून ‘स्लॉइड’, म्हणजे शिक्षणासाठी योजलेले हस्तकाम, शिकवणारे शिक्षक तयार केले. सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या लाकडी वस्तूंची ठरावीक मालिका मुलाने नमुन्याप्रमाणे करावयाची, अशी ती रीत होती. हाताला शिस्त लागे, डोळ्याला माप कळे. परंतु काय करावयाचे हे नमुनाच ठरवीत असे.

वर्ध्यात 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने हातकामाला याहून फार मोठे स्थान दिले. परिषदेनंतर नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी जी योजना आखली, तिच्यात शाळेच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे ज्याच्याभोवती इतर सर्व विषय गुंफावयाचे त्या उद्योगाला, दिलेली होती, तर मातृभाषेच्या वाट्याला 40 मिनिटे आली होती. या गुंफणीला समवाय म्हणत. पहिलीतले मूल पेळूतून टकळीवर सूत काढी, आणि चार फुटांचा एक तार व 640 तारांची एक गुंडी या कोष्टकातून गुणाकार-भागाकाराशी त्याची गाठ पडे. कापूस कोठे पिकतो यातून भूगोल, तो कसा वाढतो यातून निसर्ग. गणिताला हाताचा आधार देणारी इतकी सुसंगत मांडणी भारतीय प्राथमिक शिक्षणात पुन्हा क्वचितच झाली असेल. मात्र मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, या अपेक्षेवर अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. कारण उत्पन्नावर नजर ठेवून चालणाऱ्या वर्गात चुकत शिकण्याची मुभा आणि कारखान्यातली घाई एकत्र नांदू शकत नाहीत.

पुढील प्रवास थोडक्यात सांगता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने 1966 मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, आणि 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्याचे रूप दिले. बहुसंख्य वर्गांत प्रत्यक्षात उरली ती शुभेच्छापत्रे आणि कागदी फुले, तीही फळ्याशेजारी टांगलेल्या नमुन्याबरहुकूम. मूलोद्योगातला समवाय गेला आणि स्लॉइडमधली अचूकताही राहिली नाही.

मानखुर्दच्या प्रयोगाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तेथे सहावीच्या सुमाराच्या मुलांना तीन कामे दिली गेली: ठरलेल्या उपयोगाची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्यांचा खेळ. पवनचक्कीचे पाते आसाला कोठे व कसे जोडावयाचे, आस फिरताना त्यावर दोरा गुंडाळला जाऊन वजन वर यावे म्हणून तो कोठे बांधावयाचा, हे गटाने आधी कागदावर ठरवावयाचे, साहित्याची यादी व कामाचा क्रम लिहावयाचा, मगच कात्री हाती घ्यावयाची, आणि शेवटी एकमेकांच्या वस्तू पारखावयाच्या, अशी रचना होती. नमुन्याची जागा येथे मुलाच्या स्वतःच्या आराखड्याने घेतली.

पहिली-दुसरीच्या मुलांना हे जमेल का, ही शंका रास्त आहे. या वयातले रेखाटन बहुधा वस्तूचे चित्र असते, तिचा आराखडा नसतो. गाडीची चाके गोल आणि नीट रंगवलेली दिसतात, पण ती फिरावीत म्हणून आस पुठ्ठ्यातून आरपार कशी जाते, हे कागदावर येत नाही. चाके खोक्याला डिंकाने चिकटली आणि गाडी फरफटत गेली की मूल ‘ही फिरत का नाही?’ असे विचारते, आणि दुसऱ्या रेखाटनात भोक दिसू लागते. शिक्षकाने पहिल्याच वेळी भोक पाडून दिले तर शिकण्याचा हा क्षण हातचा जातो.

मानखुर्दशेजारच्या गोवंडीत नमुना आणि स्वतःचा आराखडा या भेदाला सामाजिक वजनही आहे. शिवाजीनगर, बैंगणवाडीच्या जरीकाम करणाऱ्या कारखान्यांत अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीवर, भरतकाम होते. नक्षी आधी कागदावर काढून तिच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडतात. हा खाका कापडावर ठेवून त्यावर खडूसारख्या भुकटीचा ओला बोळा फिरवला की ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्यानंतरच कारागिराची आरी, म्हणजे भरतकामाची सुई, चालू लागते. आधी आराखडा, मग वस्तू हा क्रम या वस्तीला नवा नाही. परंतु खाका काढणारा एक आणि त्यावर दिवसभर वाकणारा दुसरा, ही विभागणीही तेथेच दिसते, आणि अशा कामाला मुलेही जुंपली जात आलेली आहेत. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने, कुटुंबाला शाळेबाहेरच्या वेळेत मदत करण्यासारखे अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला लावण्यास बंदी केली ती याचसाठी. म्हणून येथील शाळेने मुलाच्या हाती नुसते काम देणे पुरेसे नाही, खाका काढण्याचा अधिकार त्याला द्यावयास हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने स्थानिक कारागिरांच्या सहवासातील दहा दिवसांच्या दप्तरमुक्त काळाची सोय केली आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ही जबाबदारी अजून कार्यानुभवाच्या तासावरच आहे, आणि तो तास नमुन्याच्या पकडीतून सोडवणे शिक्षकाला आजच्या वेळापत्रकातही शक्य आहे.