रानाची शिकार आणि घरची चूल

आज शीळफाट्यावर मुंब्रा, कल्याण, महापे, पनवेलच्या गाड्या अडकून पडतात. या डोंगराकडेच्या घरांत कधी भेकर, रानडुक्कर शिजायचं, हे पोरींना खरं वाटत नाही. ते कसं शिजवत, हे कुठे लिहिलंय का, म्हणून आम्ही शोधलं.

सापडला तो राजाचा ग्रंथ. ११३० च्या सुमारास चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने संस्कृतात ‘मानसोल्लास’ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याण. आपलं कल्याण नव्हे, बरं का! त्यात डुकराचे केस काढायच्या दोन रीती आहेत. अंगावर पांढरं फडकं टाकून केस सुटेपर्यंत कढत पाणी ओतायचं. नाहीतर माती थापून गवताच्या जाळावर धरायचं.

ठाकर-कातकरी बाईची रीत मात्र आम्हाला लिहिलेली सापडली नाही. भेकराच्या मांसाला चरबी कमी, घाई केली की चिवट होतं, मंद आचेवरच ठेवायचं. हे सासूने सुनेला सांगितलं, तेवढंच.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकारही संपली. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानातलं जनावर मारणं गुन्हा, त्याचं मांस विकत घेणं, घरात ठेवणंही गुन्हा. कोणी पिशवीतून ‘हरणाचं’ म्हणून आणलं तर घेऊ नका.

या भीतीने आमच्या गटातल्या आज्या विचारलं की गप्प होतात. आज्यांनो, जुनं सांगणं गुन्हा नाही. बुधवारी आम्ही रेकॉर्डर घेऊन येतोय. सुनांनो, तुम्हीही बसा, वही घेऊन.