ऋण राशी आणि चिन्हाचा निर्णय

संख्येच्या ठिकाणी ऋणत्व मानावे की नाही, हा प्रश्न संगणकाबरोबरच जन्मास आला असे समजणे युक्त होणार नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये धन व ऋण राशींच्या परिकर्मांचे नियम सांगितले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. व्यवहारातील हे शब्द गणिताच्या परिभाषेत स्थिरावले. तथापि ऋण या शब्दात देणारा आणि घेणारा हे दोघेही गृहीत असतात. जेथे असा संबंध संभवत नाही, तेथे गणिताने ऋण राशी दिल्यास काय करावे? भास्कराचार्यांच्या (जन्म शके 1036) ग्रंथांत याची दोन भिन्न उत्तरे आढळतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला होता, हे तेथील इ. स. 1207 च्या शिलालेखावरून कळते.

पहिले उदाहरण ‘बीजगणिता’तील आहे. वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला असता जितकी संख्या येते, तितके वानर गुहेत शिरले. एक बाहेर दिसत राहिला. समीकरणाची उत्तरे 50 आणि 5 अशी येतात. दुसऱ्या उत्तरात पंचमांश 1, व त्यातून तीन वजा केल्यास उणे 2 उरतात. व्यक्त राशी ऋण असल्यास लोकांची प्रतीती बसत नाही, या कारणास्तव आचार्यांनी 5 हे उत्तर अग्राह्य ठरविले.

दुसरे उदाहरण ‘लीलावती’तील त्रिकोणाचे. भुजा 10 व 17, भूमी 9. लंबामुळे होणाऱ्या आबाधांपैकी एक उणे 6 येते. येथे मात्र आचार्यांनी ऋण राशी स्वीकारली आणि ऋणत्वाचा अर्थ विरुद्ध दिशा असा केला. लंब भूमीच्या बाहेर पडतो. त्यामुळे आबाधा 6 व 15, आणि लंब 8. थोडक्यात, ऋण राशी ग्राह्य की अग्राह्य, हे मोजल्या जाणाऱ्या वस्तूवरून ठरले. गणनेच्या ओघात मात्र चिन्ह दोन्हीकडे राखले गेले.

संगणकात 32 बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची व्याप्ती उणे 2147483648 पासून 2147483647 पर्यंत असते. चिन्हरहिताची 0 पासून 4294967295 पर्यंत. वानरांची संख्या कधीच ऋण नसते, म्हणून चिन्हरहित प्रकार घ्यावा, हा विचार सकृद्दर्शनी सयुक्तिक वाटतो. परंतु वरील अग्राह्य उत्तर ‘सी’ भाषेत अशा प्रकारे पडताळून पाहिल्यास 1 वजा 3 याचे फळ 4294967294 येते. त्याचा वर्ग 32 बिटांत मावत नाही. मावणारा भाग नेमका 4. त्यात 1 मिळविल्यास 5. समीकरण जुळते, आणि दोषाचा मागमूसही राहत नाही. चिन्हयुक्त प्रकारातही वर्ग 4 येतो व समीकरण जुळते. परंतु वर्ग करण्यापूर्वी उणे 2 समोर दिसत असते, आणि ‘शून्याहून कमी आहे काय’ ही पृच्छा करता येते. चिन्हरहित राशीच्या बाबतीत या पृच्छेचे उत्तर नेहमी नकारार्थीच येते.

चिन्हयुक्त प्रकार निर्धोक आहे, असा याचा अर्थ नव्हे. ‘सी’मध्ये त्याची मर्यादा ओलांडली गेल्यास फळ काय येईल, याची भाषेने हमी दिलेली नाही. 1996 मध्ये आरियान 5 या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात एक मोठी राशी 16 बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात उतरविताना मावली नाही, आणि यानाचा नाश झाला. उलटपक्षी, बिटांची रचना हाताळताना किंवा घड्याळाप्रमाणे फिरून शून्यावर येणारी गणना अभिप्रेत असताना चिन्हरहित प्रकारच योग्य होय.

म्हणून वस्तू ऋण असू शकते काय, एवढ्यावरून प्रकाराची निवड होऊ शकत नाही. तिच्यावर वजाबाकी होणार आहे काय, हेही पाहावे लागते. आचार्यांनी उणे 2 प्रथम येऊ दिले, आणि मगच नाकारले. जी राशी लिहिलीच जात नाही, ती नाकारताही येत नाही.