ताजा रोडगा कसा ओळखावा? वऱ्हाडातल्या नवसाच्या अन्नाचा इतिहास

अमरावतीत किंवा अकोल्यात पाव कोणत्याही कोपऱ्यावर मिळतो. चांगला, ताजा रोडगा मात्र शोधावा लागतो. तो शहरात सहजी का मिळत नाही, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. आजचा धागा त्याविषयी.

आरंभ एका भारुडापासून करू. संत एकनाथांच्या (समाधी १५९९) नावावर असलेल्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद, अखेर नवरासुद्धा वाटेतून दूर व्हावा, हे तिचे मागणे! भारुडाचा आध्यात्मिक अर्थ निराळा आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की रोडगा म्हणजे काय आणि तो नवसाला का चालतो, हे श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

नवसाला रोडगाच का? वऱ्हाड हा ज्वारीचा आणि कापसाचा मुलूख. रोजच्या ताटात भाकरी; गहू सणासुदीचा. कोरडवाहू बन्सी गव्हाचे जाडसर पीठ, वर तेलाचे मोहन, म्हणजे देवासाठी केलेला खर्चच. मला हे स्पष्टीकरण पटते, पण पूर्णपणे नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवतात, तो बाजरीचा असतो. तेव्हा गव्हाची महागाई हे एकमेव कारण धरता येत नाही. दुसरे कारण कृतीत दडलेले असावे.

वऱ्हाडी रोडगा एकट्यासाठी होत नाही. लहान पोळ्या लाटायच्या, मध्ये तेल लावून एकावर एक ठेवायच्या, बाहेरून आणखी एका पोळीने बांधून गोळा वळायचा. शेतात किंवा देवळापुढे गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा. ज्वाळा विझून लाल आर उरला की त्यात रोडगे पुरायचे. इतका जाळ आणि इतकी माणसे जमवायची तर निमित्त हवे. नवस हे ते निमित्त. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. म्हणूनच रोडगा दुकानात कधी रुजला नाही.

जगातला दुसरा एक पाव येथे आठवतो. पोलंडमधील ज्यूंचा कड्याच्या आकाराचा बेगल आधी उकळत्या पाण्यातून काढतात, मग भट्टीत भाजतात. त्यामुळे वरचे पीठ शिजून साल चकचकीत व चिवट होते. (खानदेशी बट्टीही अनेक घरी आधी उकडतात आणि मग तुपातेलात तळतात.) १६८३ च्या व्हिएन्नाच्या लढाईनंतर पोलंडच्या राजाच्या सन्मानार्थ रिकिबीच्या आकाराचा बेगल जन्मला, अशी गोड कथा आहे. पण क्राकूवच्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत बेगलचा उल्लेख आधीच येतो. राजस्थानी बाटी बाप्पा रावळाच्या सैनिकांनी तापल्या वाळूत शोधली, ही कथा पुढे पाठवणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता परीक्षा. ताजा रोडगा हातात घेताच चटका बसला पाहिजे. राख फडक्याने झटकली की साल तांबूस दिसावी, ठिकठिकाणी करपलेली चालेल, सगळीकडे काळी नको. बोटाने ठोकल्यावर किंचित पोकळ आवाज यावा. मग फोडावा. पदर सुटे झाले आणि मधून वाफ निघाली तर कारागीर जाणता आहे. गाभा चिकट असेल तर आर तापण्याआधीच घाई झाली, किंवा ज्वाळा असतानाच रोडगे टाकले. मग साल जळते आणि आतले पीठ कच्चे राहते. थंडावलेला रोडगा दगडासारखा होतो. तो पुन्हा गरम करून वाढणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. गॅस-तंदुरावरचा घरचा रोडगा खुसखुशीत होतो, मात्र गोवरीचा तो धुरकट वास त्याला येत नाही.

शोधायचाच असेल तर सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमला जावे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भरणारी तेथील यात्रा महिनाभराहून अधिक चालते, आणि रोडगे व हंडीतले मटण हीच तिची ओळख. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी जत्रांतील पशुबळींविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली. रोडग्याविरुद्ध बोलण्याचे त्यांना कारण नव्हते. यात्रेत राहुट्यांच्या मागे जिथे धूर दिसेल तिथे थांबावे, आणि रोडगा आपल्यासमोर आरातून काढायला सांगावा.