ब्रह्मपुरीची खापरे आणि योद्ध्यांची चित्रे

कोल्हापूरनजीक पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. याच टेकडीने समुद्रदेव पोसिडॉनची लहानशी काशाची मूर्ती दिली, आणि सातवाहनकालीन कोल्हापूरचा भूमध्य सागराशी असलेला संबंध निर्विवाद ठरला. साहजिकच असा तर्क मनात येतो की, ज्या मार्गाने ही मूर्ती आली त्याच मार्गाने ढाल-भाले धारण केलेल्या योद्ध्यांनी अलंकृत अशी ग्रीक मृत्पात्रेही यावयास हवी होती. तसे एकही खापर ब्रह्मपुरीस मिळालेले नाही.

यात नवल नाही; तर्क मोहक असला तरी कालगणनेपुढे तो टिकत नाही. अथेन्समधील योद्धाचित्रांची पात्रे, प्रथम काळ्या आकृतींची व पुढे तांबड्या आकृतींची, मुख्यतः इ. स. पू. ६ व्या ते ४ थ्या शतकांतील होत. दक्षिणेचा रोमशी व्यापार भरास आला तो इ. स. च्या पहिल्या दोन शतकांत. तोवर ती चित्रणकला केव्हाच लोपली होती व तिच्या जागी ठशांची तांबडी, तकतकीत भांडी रूढ झाली होती. व्हीलर यांना १९४५ मध्ये अरिकमेडू येथे मिळाली ती याच जातीची.

खरी उद्बोधक तुलना याहून प्राचीन काळात सापडते. श्लीमान यांनी १८७६ मध्ये मायसीनी येथे उजेडात आणलेल्या इ. स. पू. १२ व्या शतकातील पात्रावर शिंगांची शिरस्त्राणे घातलेले, भाल्यांना शिदोरीची पिशवी अडकवलेले सैनिक ओळीने निघाले आहेत. मागे एक स्त्री हात उंचावून उभी आहे. त्याच सुमारास महाराष्ट्रात जोर्वे संस्कृतीचे कुंभार तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने रेघा, त्रिकोण, जाळी काढीत होते. त्यांच्या पन्हाळीच्या भांड्यांचा घाट पाहता हात कसबी नव्हता असे कोण म्हणेल? मनुष्याकृती काढण्याचे सामर्थ्य नव्हते असेही नाही. नावडातोलीच्या माळवा भांड्यांवर नाचणारी माणसे आहेतच. तेव्हा भेद कौशल्याचा नव्हे, प्रयोजनाचा आहे. मायसीनीचे पात्र मद्य व पाणी मिसळण्याचे, मेजवानीत मध्यभागी मांडले जाणारे. जोर्व्याचे बहुतेक रोजच्या घरगुती वापराचे.

करवीर प्रदेशात योद्धा अवतरतो तो पुष्कळ उशिरा, मध्ययुगात, आणि तोही दगडावर. येथील वीरगळांच्या तळच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर.