खिडकी मिळाली, पुढे?

एक दात पडला की जीभ दिवसभर त्या खड्ड्यातच घुटमळते. उरलेल्या दातांची ती वास्तपुस्तही करत नाही. मनाचं तसंच आहे. २००१ साली रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी नाती, शिकणं, आठवणी अशा कितीतरी विषयांवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा जवळजवळ सगळीकडे वाइटाचं पारडं चांगल्यापेक्षा जड निघालं. कारण साधं असावं. गवतातली सळसळ साप समजून पळणारा चुकला तरी जगायचा. वारा समजून थांबणाऱ्याला एकच चूक पुरत असे.

मानसोपचाराच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी एक गैरसमज दारातच सोडावा. इथे कुणालाही ‘पॉझिटिव्ह राहा’ असं सांगायचं नाही. (त्या शब्दाचा इतका चोथा झालाय की मी ‘विधायक भावना’ म्हणतो.) ताज्या दुःखात असलेल्या माणसाला कृतज्ञतेची यादी करायला लावणं तर चक्क निर्दयपणा आहे.

मग उपचारात या भावनांचं काम काय? बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी १९९८ साली मांडलं की भीती माणसाचं लक्ष आणि पर्याय आक्रसते, आनंद ते रुंदावतो. २००० सालच्या प्रयोगात त्यांच्या गटाने लोकांना घाईघाईने भाषण तयार करायला लावलं. छाती धडधडू लागली, की कुणाला समुद्राच्या लाटांची फिल्म दाखवली, कुणाला खेळणारं कुत्र्याचं पिल्लू, कुणाला उदास प्रसंग. लाटा आणि पिल्लू पाहणाऱ्यांची धडधड लवकर ओसरली.

याच फ्रेडरिक्सन यांनी पुढे सुखद-दुःखद भावनांचं २.९ हे ‘जादुई’ प्रमाण सांगितलं. २०१३ साली निकोलस ब्राऊन, अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागचं गणित पार निकालात काढलं. आकड्यांच्या मोहापासून सावध राहायला हा किस्सा लक्षात ठेवा.

माझ्या मते अधिक मोलाचं काम मिशेल क्रास्के यांच्या गटाचं. नैराश्य आणि चिंता असलेल्यांना त्यांनी त्रास कमी करण्याऐवजी सुख अनुभवण्याचाच सराव दिला: आवडती कामं आखणं, ती झाल्यावर बारकाईने आठवणं. २०१९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. नकारात्मक भावनांवर रोख ठेवणाऱ्या उपचाराशी तुलना करता, सहा महिन्यांनंतर या गटात उदासी आणि चिंताही कमी आढळली.

‘बारकाईने’ म्हणजे काय, ते तपशील बदलून सांगतो. एका बाईंना रोज एक बरी गोष्ट वहीत लिहायला सांगितली होती. पहिल्या आठवड्यात सात वेळा ‘काही नाही’. दुसऱ्या आठवड्यात एकच ओळ: ‘लोकलला खिडकी मिळाली.’ मी विचारलं, पुढे? त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “विक्रोळीपासून वारा सुटला होता. समोरच्या बाईच्या पिशवीत सोनचाफा असावा. मी वासावरून ओळखलं.”