पिछाडीचा मानकरी

खेळाचा इतिहास हा बहुधा गोल करणाऱ्यांचाच इतिहास असतो. गोल अडवणाऱ्याच्या नावावर फलकावर काहीच चढत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या बॉबी मूरचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मूरचा जन्म १२ एप्रिल १९४१ रोजी लंडनच्या पूर्वेस बार्किंग येथे झाला. पायांत वेग बेताचा, उडीही साधारणच. पण वेस्ट हॅम क्लबात माल्कम ॲलिसन या वडीलधाऱ्या खेळाडूने त्याला एक मंत्र दिला होता: चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच तो कोणाला द्यायचा हे ठरलेले असावे. ॲलिसनचे एक फुफ्फुस क्षयाने गेले होते, तरी पुन्हा मैदानात उतरण्याची त्याची उमेद सुटली नव्हती. १९५८ च्या सप्टेंबरात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध संघात एक जागा रिकामी झाली, आणि ती गुरूला न मिळता सतरा वर्षांच्या शिष्याला मिळाली. धंदेवाईक खेळाची ही रीत मूरला पहिल्याच दिवशी कळली असेल.

त्या काळी खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास क्लबांना मनाई होती. १९६१ साली ही मर्यादा उठली. पण खेळाडूवरची क्लबची पकड सहजासहजी सुटली नाही. १९६६ च्या विश्वचषकाच्या तोंडावर मूरचा करार संपला होता आणि नव्या करारावर त्याची सही नव्हती. क्लबशी करार नसलेल्याला देशातर्फे खेळता येत नव्हते, मग तो कर्णधार का असेना! शेवटी क्लबच्या व्यवस्थापकाला संघाच्या हॉटेलात बोलावून घेऊन एक महिन्याचा करार उरकण्यात आला.

त्याच मूरने ३० जुलै रोजी वेम्ब्लीवर जर्मनीविरुद्ध अंतिम सामना खेळला. जादा वेळेतली अखेरची मिनिटे चालू होती. इंग्लंड ३-२ ने पुढे होते. चेंडू मूरच्या पायाशी आला. तो प्रेक्षकांत भिरकावून द्यावा म्हणून सोबती ओरडत होते. मूरने मान वर केली, हर्स्टला हेरले आणि लांब पल्ल्याचा पास दिला. चौथा गोल झाला. पावणेदोन वर्षांपूर्वीच या माणसावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि जगाला तिची वार्ताही नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शांतपणाचे मोल कळते.

१९७० साली बोगोटात त्याच्यावर बांगडी चोरल्याचा आळ आला. चार दिवस तो अटकेत होता. पुढे आरोप टिकला नाही. तिथून तो थेट मेक्सिकोस गेला आणि ७ जूनला ब्राझीलविरुद्ध असा खेळला, की सामना हरूनही पेलेने त्याला मिठी मारून अंगातला सदरा बदलून घेतला.

देशातर्फे १०८ सामने, त्यांपैकी ९० कर्णधार म्हणून. एवढे करून निवृत्तीनंतर मात्र कोणत्याही मोठ्या क्लबाने त्याच्या हाती संघ सोपवला नाही. पोटासाठी त्याने लहान संघ सांभाळले, नभोवाणीवर सामन्यांची वर्णने केली. १७ फेब्रुवारी १९९३ रोजी तो वेम्ब्लीवर अशाच कामासाठी बसला होता; २४ तारखेला तो गेला. वय अवघे ५१.

२००७ साली नव्या वेम्ब्लीपुढे त्याचा पुतळा उभा राहिला. हयातीत ज्याला साधे काम देता आले नाही, त्याला मरणोत्तर ब्राँझ द्यायचे, ही चाल केवळ इंग्लंडचीच आहे असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय?